म्हैसमाळला उणे वीस

दिवाळीचा आकाशकंदील उतरला की पडेगावात दुसरी रोषणाई सुरू होते. ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या सामानाचे फोटो झळकायला लागतात. बूट झाले, काठ्या झाल्या, कपाळावरचे दिवे झाले. यंदा स्लीपिंग बॅगची पाळी आहे. तीही साधीसुधी चालत नाही, डाऊनचीच लागते. डाऊन म्हणजे हंस-बदकांच्या छातीवरची, मोठ्या पिसांखाली दडलेली मऊ लव. ‘पॅकेज किती?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात सध्या छावणीपासून मिटमिट्यापर्यंत ‘किती मायनसची घेतली?’ असं विचारलं जातं. मायनस पाचवाला विषय बदलतो. मायनस दहावाला ‘सध्यापुरती घेतलीय’ म्हणतो. मायनस वीसवाल्याच्या चहाचे पैसे दुसरंच कुणीतरी देऊन टाकतं.

मग हळूच विचारायचं, ‘जायचं कुठं?’ उत्तर ठरलेलं असतं. म्हैसमाळ.

आता हिशेबच मांडू. आपलं शहर, छत्रपती संभाजीनगर, समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, म्हैसमाळ १,०६७ मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, हे शाळेच्या भूगोलातच शिकवलेलं असतं. म्हणजे म्हैसमाळ आपल्यापेक्षा तीनेक अंशांनी गार. शहराचा पारा दहावर उतरला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो. त्या रात्री म्हैसमाळला गिरिजामातेच्या देवळापाशी सातेक अंश धरा. तिथं उणे वीस व्हायचं तर डोंगराला आणखी चार किलोमीटर वाढावं लागेल. तेवढा वाढला की तो जवळपास एव्हरेस्टच्या बेस कँपला टेकतो, आणि मग खुलताबादहून मोटारसायकलवर डबलसीट जाता यायचं नाही.

पण गरज नसताना अवाढव्य निर्णय घ्यायची या रस्त्याची परंपरा जुनी आहे. पडेगावावरून पुढं गेलं की दौलताबाद लागतं. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून तिथं हलवली आणि माणसांना हजार किलोमीटरहून जास्त चालायला लावलं. एवढं मोठं बॅकपॅकिंग या भागात पुन्हा झालेलं नाही. पुढं त्यानंच राजधानी परत दिल्लीला नेली. आजच्या भाषेत सांगायचं तर वस्तू मागवली, वापरून पाहिली आणि रिटर्न केली. आपल्याकडं रिटर्नची मुदत सात दिवसांची असते आणि थंडी यायला महिना असतो, एवढाच काय तो फरक.

परवा आमच्या बिल्डिंगमधल्या एका साहेबांची बॅग आली. सोहळ्याला शेजारपाजार हजर. थैलीतून बाहेर काढली तेव्हा ती चुरगळलेल्या रेनकोटएवढी होती. फरशीवर पसरली आणि अर्ध्या तासात गुडघ्याएवढी वर आली. शिवणीतून एक पांढरं पीस निसटलं, पंख्याच्या वाऱ्यावर दोन गिरक्या घेऊन देवघरावर बसलं. साहेब बनियनवर आत शिरले. चेन छातीपर्यंत आली आणि आतलं पातळ कापड दातांत धरून बसली. वर जाईना, खाली येईना. मुलगा म्हणाला, ‘बाबा, ओढू नका, फाटेल.’ बाबांच्या कपाळावर घामाचे थेंब. पंखा पाचवर. कोपऱ्यात बसलेल्या आजींनी चष्मा नीट केला आणि विचारलं, ‘यात माणसानं झोपायचं, का याला कुरिअर करायचं?’

साहेब बाहेर निघाल्यावर पहिलं वाक्य बोलले ते असं, ‘बघा, किती गरम आहे!’

इथंच गोम आहे. स्लीपिंग बॅग गरम नसते. तिच्यात शेगडी नाही, तारा नाहीत. गरम असतो तो आतला माणूस. पिसं एवढंच करतात की त्याच्याभोवतीची हवा हलू देत नाहीत. त्यामुळं आत शिरणारा उपाशी, दमलेला आणि ओल्या मोज्यांचा असेल, तर पन्नास हजारांची बॅगसुद्धा त्याची थंडीच जपून ठेवते. झोपण्यापूर्वी पोटभर तेला-तुपाचं खा, लघवीला जाऊन या, कोरडे मोजे घाला, गरम पाण्याची बाटली घट्ट बंद करून पायांशी ठेवा. या चार गोष्टींना दमडी पडत नाही, म्हणूनच ग्रुपवर त्यांचा फोटो कुणी टाकत नाही.

आता त्या आकड्याकडं वळू. बॅगवर एक आकडा मोठ्या टायपात असतो आणि उरलेले आतल्या पट्टीवर, मुंगीच्या अक्षरात. युरोपात २००२ साली याचं एक मानक आलं, पुढं त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकानं घेतली. तपासायची रीत अशी की थंड खोलीत मॅटवर बॅग पसरायची, आत कपडे घातलेला तापवलेला पुतळा झोपवायचा आणि त्याची उष्णता किती निसटते ते मोजायचं. त्यातून तीन आकडे निघतात. पहिला ‘कम्फर्ट’, म्हणजे प्रमाण बाई सैल अंगानं निवांत झोपेल ते तापमान. दुसरा ‘लिमिट’, म्हणजे प्रमाण पुरुष अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल ते तापमान. तिसरा ‘एक्स्ट्रीम’. या तापमानाला प्रमाण बाई सहा तास जगेल. झोपेल असं कुणी म्हटलेलं नाही. बोटं शाबूत राहतील असंही नाही.

तर चौकात ज्याचा गजर होतो तो मायनस वीस अनेकदा हा तिसरा असतो. माणूस मरणार नाही, इतकीच त्या आकड्याची हमी. आपण मात्र तो सुखाचा आकडा म्हणून मिरवतो.

प्रमाण पुरुष कोण, तेही ऐकून ठेवा. वय २५, उंची १.७३ मीटर, वजन ७३ किलो. प्रमाण बाई २५ वर्षांची, १.६० मीटर, ६० किलो. आपल्या ग्रुपवर पंचविशीतला एकच आहे आणि तो प्रत्येक वेळी ऐनवेळी कॅन्सल करतो. उरलेले पंचेचाळिशीचे, बीपीची गोळी सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवणारे, रविवारी शहागंजात नान-खलिया हाणून सोमवारी डाएट सुरू करणारे. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेत अजून पुतळा बनलेला नाही. मुलांना तर हे आकडे लागूच होत नाहीत. म्हणून सरळ नियम: कम्फर्टचा आकडा वाचायचा, जिथं झोपायचं तिथल्या रात्रीच्या पाऱ्याशी जुळवायचा आणि थंडी जास्त वाजत असेल तर वर पाच अंशांची सोय ठेवायची.

नवरे मंडळींनी इथं विशेष लक्ष द्यावं. स्वतःच्या ‘लिमिट’वर बायकोसाठी बॅग मागवायची आणि रात्री तिनं ‘गारठलेय’ म्हटलं की ‘तुला सवय नाही’ म्हणायचं, ही घराघरातली रीत आहे. सवयीचा काही संबंध नाही. बायकांचा आकडा वेगळा असतो हे मानकानंच मान्य केलंय. घरात मान्य व्हायला वेळ लागेल.

दुसरी फुशारकी फिल पॉवरची. ‘आठशेची आहे!’ आठशे काय, हे विचारलं की शांतता. एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम पिसं मोकळी सोडली की किती घनइंच जागा व्यापतात, तो हा आकडा. आठशेची पिसं असतील तर २८ ग्रॅममध्ये १३ लिटर जागा भरते. मूठभर वजनात बादलीभर हवा अडवायची, ही करामत अजून कुठल्या कारखान्याला तंतोतंत जमलेली नाही. पिसांना त्याबद्दल सलाम. भाकरीसारखंच आहे हे. टम्म फुगली तर जिंकली, बसली तर नुसतं पीठ. पण फुगण्याची ताकद एक आणि आत घातलंय किती, हे दुसरं. साडेआठशेची ३०० ग्रॅम पिसं आणि साडेसहाशेची ५०० ग्रॅम पिसं यांत जास्त हवा दुसरी बॅग अडवते. ती दोनशे ग्रॅम जड असेल, पण ऊब तिच्यात जास्त. तेव्हा दुकानात विचारायचा प्रश्न ‘फिल पॉवर किती?’ एवढाच नाही, ‘पिसं किती ग्रॅम?’ हाही आहे. दुसऱ्या प्रश्नाला दुकानदार पाणी मागवतो आणि पट्टी शोधायला लागतो. पट्टीवर नव्वद-दहा असं लिहिलेलं दिसलं तर नव्वद टक्के मऊ लव आणि दहा टक्के काडीची पिसं. काडीचा भाग वाढला की वजन वाढतं, ऊब नाही.

बाकीची पारख हातानं होते. बॅग उजेडासमोर धरा. वरचं आणि आतलं कापड एकमेकांना थेट शिवलेलं असेल तर प्रत्येक टाक्याच्या रेषेवर पिसं शून्य असतात. थंडी त्या रेषेनं आत येते. दोन कापडांमध्ये जाळीच्या उभ्या भिंती घालून कप्पे केलेले असतील तर ती कडाक्याच्या थंडीची बॅग. चेनीच्या आतल्या बाजूनं पिसांची वळी आहे का बघा, गळ्याशी पिसांची कॉलर आहे का बघा. आत झोपून बघा. दुकानात लाज वाटते, वाटू दे. खांद्याशी आवळली तर पिसं दबतात, दबली की हवा गेली. फार ढगळ असेल तर ती रिकामी जागा तापवण्यात तुमची निम्मी रात्र जाते.

आता खरी गंमत. बॅगवर वीस हजार घालवणारे हेच वीर खाली अंथरायला काय नेतात? दोनशे रुपयांची पातळ कॅरीमॅट, तीही मित्राची. पाठीखालची पिसं आपल्याच वजनानं चिरडली जातात, तिथं बॅग जवळपास नसल्यात जमा. जमीन रात्रभर पाठीतून ऊब ओढत राहते आणि पहाटे साहेब म्हणतात, ‘बॅग बोगस निघाली.’ बिचारी बॅग पाठीखाली मरून पडलेली असते. मॅटलाही आकडा असतो. आर-व्हॅल्यू म्हणतात त्याला. सह्याद्रीत दोनच्या आसपास निभतं, बर्फावर चार-पाचच्या पुढं लागतो. कुणालाही न दिसणारी, खाली पडून राहणारी वस्तू आपण कधी नीट घेतलीय? शहरातल्या पाइपलाइनलाच विचारा.

आणि पाणी. पिसांचा आणि ओलाव्याचा उभा दावा आहे. डाऊन भिजली की तिचा बोळा होतो आणि ऊब संपते. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर डाऊन नेणं म्हणजे पैसे धबधब्यात सोडणं. हिवाळ्यातही उघड्यावर झोपलात तर पहाटेच्या दवानं वरचं कापड ओलं होतं. तंबू गच्च बंद केलात तर स्वतःच्याच श्वासाचं पाणी आतून ठिबकतं. पाणी झटकणारी पिसं निघालीत आता, पण ती झटकतात, पोहत नाहीत. सह्याद्रीच्या थंडीला कृत्रिम तंतूंची, कम्फर्ट पाच-सात अंशांची बॅग पुरते. अर्धा-एक किलो जास्त भरते, पण ओली झाली तरी थोडीफार साथ देते, किंमत बरीच कमी आणि धुवायला सोपी.

धुण्याचं निघालं म्हणून सांगतो. डाऊनची बॅग नेहमीच्या पावडरीत टाकली की पिसांवरचं नैसर्गिक तेल जातं. मग गच्चीवर तारेवर लटकवली की सगळी पिसं पायाकडच्या टोकाला गोळा. सौम्य साबण, भरपूर पाणी, आडवी ठेवून सुकवणं आणि गोळे हातानं फोडत बसणं, असा दोन दिवसांचा उद्योग आहे तो. आणि ट्रेकहून आलं की ती दाबाच्या थैलीत कोंबून माळ्यावर, कूलरच्या खोक्यामागं. पुढच्या दिवाळीला काढतात तेव्हा पिसं फुगायचं विसरलेली असतात. ही बॅग मोकळ्या, मोठ्या कापडी पिशवीत सैल ठेवायची असते. टू बीएचकेमध्ये एवढी मोकळी जागा माणसाला मिळत नाही, पिसांना कुठून देणार?

सात्त्विक मंडळींना एक धक्का. तुमच्या ट्रेकच्या डब्यात अंडं चालत नाही, कांदा-लसूणही नको. तंबूत मात्र तुम्ही कित्येक पक्ष्यांच्या पिसांत गुरफटून झोपता. ही पिसं मुख्यतः मांसासाठी पाळलेल्या हंस-बदकांची असतात. काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची पिसं उपटायचे, त्यावर ओरड झाली आणि २०१४ साली जबाबदार डाऊनचं एक प्रमाणपत्र निघालं. घ्यायचीच तर ती खूण बघून घ्या. आणि हिरवा ठिपका शोधू नका, तो स्लीपिंग बॅगवर छापत नाहीत.

एवढं ऐकलं की एक गृहस्थ हमखास उठतात आणि म्हणतात, ‘आपली घोंगडीच बरी!’ पडेगावात हे वाक्य फार शोभतं, कारण मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र इथंच आहे. घोंगडी बरी आहेच. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर, चिंचोक्यांच्या खळीनं कडक केलेलं सूत, ओली झाली तरी ऊब सोडत नाही, शेकोटीची ठिणगी पडली तर भोक पडून थांबते, नायलॉनसारखी वितळत नाही. पण ती दोन-तीन किलो भरते. धनगर ती खांद्यावर घेऊन आयुष्य चालतो. आपण सॅकमध्ये अर्धा किलो कमी व्हावा म्हणून टूथब्रशचा दांडा कापतो. शिवाय ‘आपली घोंगडी’ म्हणणाऱ्या या गृहस्थांच्या घरी घोंगडी कुठं असते? दिवाणखान्यात, भिंतीवर, खिळ्याला. मेंढपाळाला त्याच्या लोकरीचा भाव विचारा. कात्रणीची मजुरी सुटली तरी तो देवाचे आभार मानतो. परंपरेचं कौतुक भिंतीवर आणि लोकर उकिरड्यावर, हे आणखी एक भिजत घोंगडं.

म्हणजे डाऊन थोतांड आहे का? बिलकूल नाही. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा गिर्यारोहक बलूनच्या कापडात ईडर बदकाची पिसं भरून शिवलेला कोट घालून आला. सोबतचे साहेब लोक ट्वीड आणि लोकरीत होते. ते त्याला हसले. वर गेल्यावर हसणारे कुडकुडले आणि फिंच आठ हजार मीटरच्या पार जाऊन आला. आपल्या शहरातले पोलीस दलाचे रफिक शेख २०१६ मध्ये एव्हरेस्टवर गेले, मनीषा वाघमारे २०१८ मध्ये गेल्या. त्याआधीच्या वर्षी त्यांना शिखर हाताशी आलेलं असताना माघारी फिरावं लागलं होतं. त्या उंचीवर पाठीवरचा प्रत्येक ग्रॅम आणि रात्रीचा प्रत्येक अंश जिवाशी असतो. तिथं डाऊनला तोड नाही. अशा माणसांना कधी चौकात ‘किती मायनसची?’ विचारताना पाहिलंय? त्यांना आकडा माहीत असतो, कारण तिथं झोपायचं असतं.

आपल्यासारख्यांसाठी सोपा तोडगा आहे. मे महिन्यातल्या हिमालयातल्या ट्रेकला उणे पाच कम्फर्ट पुष्कळ होतं, आणि बऱ्याच संस्था कँपवर बॅग देतातच. आत घालायला सुती अस्तर तेवढं घरून न्यायचं. केदारकंठाला डिसेंबर-जानेवारीत जायचं तर उणे दहा कम्फर्ट बघा. एव्हरेस्ट बेस कँपला निघालात तर काठमांडूच्या थामेलमध्ये डाऊनच्या बॅगा भाड्यानं मिळतात. वर्षातून चार रात्री वापरायच्या वस्तूसाठी पाच आकडी रक्कम मोडण्यात शौर्य नाही. वर्षातून तीस-चाळीस रात्री डोंगरात काढत असाल तर जरूर घ्या, चांगली घ्या, ती नीट जपलीत तर दहा-पंधरा वर्षं साथ देईल. म्हैसमाळला? म्हैसमाळला घरातली गोधडी आणि बंडी.

जाता जाता पैठणच्या नाथसागर जलाशयाकडं एक नजर टाका. हिवाळ्यात तिथं पट्टकदंब हंस उतरतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, तिबेट-मंगोलियाचे रहिवासी, हिमालय ओलांडून आलेले. अंगावर जन्मजात डाऊन, एकही शिवण नाही, चेन अडकायची भीती नाही. एवढा जामानिमा असूनही हा पक्षी थंडीशी मर्दुमकी गाजवत बसत नाही, गुमान पैठणला येतो आणि उन्हात पाय पसरतो. त्याच्याच भाऊबंदांची पिसं पाठीवर बांधून आपण सात अंशांत घामाघूम व्हायला निघालोय. पिसं दुकानात मिळतात. नीरक्षीरविवेक मात्र हंसानं स्वतःजवळच ठेवलाय.